स्वावलंबी आईवडील

बँकेतल्या माणसाला पैशाचं सगळं कळतं, अशी लोकांची एक समजूत आहे. दुसऱ्याच्या पैशाचं कळतं, एवढं मी मान्य करतो. शिवाय अलीकडे आम्हाला नोटा मोजण्याबरोबर विमाही विकावा लागतो. शाखेला टारगेट असतं. पेन्शन घ्यायला आलेल्या आजोबांना पेन्शन द्यायच्या आधी ‘आजोबा, मेडिक्लेम आहे का?’ असं विचारायचं असतं. आजोबा घाबरतात. त्यांना वाटतं, पेन्शनसाठी सरकारने नवीन दाखला काढला.

माझा स्वतःचा विमा बँक काढते. 25 मे 2015 रोजी आमचा दहावा द्विपक्षीय करार झाला. त्यात बिलं जोडून पैसे मागत बसण्याची जुनी पद्धत मागे पडून सामुदायिक विमा आला. अधिकाऱ्यांना चार लाखांचा, कारकुनांना तीन लाखांचा. एकाच शाखेत, एकाच माठातलं पाणी पिऊन दोघांना कावीळ झाली, तर साहेबांची कावीळ लाखाने मोठी. पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. साहेबांचं सगळंच मोठं असतं.

माझी अडचण त्याच करारातल्या दुसऱ्या एका कलमाची आहे. अवलंबून असलेले आईवडील या विम्यात येतात. मात्र दोघांपैकी एकाचंही मासिक उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या वर गेलं, की दोघंही अवलंबून नाहीत असं धरायचं. आमचे अण्णा जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. त्यांचं निवृत्तिवेतन ती मर्यादा ओलांडून पलीकडे जाऊन बसलेलं आहे. त्यामुळे अण्णा स्वावलंबी. ठीक आहे. पण आईसुद्धा? पन्नास वर्षं अण्णांकडे भाजीला पैसे मागून त्यांचा हिशेब देणारी आमची आई स्वावलंबी झाल्याचं मी घरी जाहीर केलं, तेव्हा ती म्हणाली, ‘असं होय? मग मला कुणी सांगितलं कसं नाही?’

तेव्हा या दोन स्वावलंबी माणसांच्या दुखण्याची सोय मलाच करायची होती.

माझा एक मावसभाऊ अमेरिकेत व्हर्जिनियाला असतो. तिथल्या केंद्र सरकारच्या नोकरीत आहे. म्हणजे सरकारी नोकर हा सातासमुद्रापलीकडेही सरकारी नोकरच. दर वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरात त्याला पुढल्या वर्षाची विमा योजना निवडायची असते, आणि त्या दिवसांत तो रात्री-अपरात्री मला फोन करून स्वतःशीच भांडतो. त्यांच्याकडे 2003 सालच्या कायद्याने आलेलं एक आरोग्य-बचत खातं आहे. पगारातून त्यात पैसे टाकायचे, त्यावर आयकर नाही. वाढले तर व्याजावर नाही, औषधपाण्याला काढले तरी नाही, आणि उरले तर पुढच्या वर्षी आपलेच. 2026 सालासाठी एकट्याला 4,400 डॉलर आणि कुटुंबाला 8,750 डॉलरची मर्यादा आहे. ऐकताना माझ्या तोंडाला पाणी सुटलं. गोम एवढीच, की हे खातं हवं तर विमा असा घ्यावा लागतो, ज्यात सुरुवातीचा मोठा खर्च आपल्याच खिशातून जातो. परिणामी मावसभाऊ खात्यातली शिल्लक फुगलेली बघत बसतो आणि डॉक्टरकडे जातच नाही. खोकला झाला की माझ्या आईला फोन करून काढा विचारतो.

आपल्याकडे असं खातं नाही. पण मी बी. कॉम. आहे. कागद घेतला, मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं, ‘रिकरिंग, महिना पाच हजार.’ उजवीकडे, ‘खासगी मेडिक्लेम, दोघांचा मिळून पाच लाखांचा, वार्षिक हप्ता साधारण साठ हजार.’ म्हणजे दोन्हीकडे वर्षाला तेवढेच. रिकरिंगचे दहा वर्षांत सहा लाख, वर व्याज, आणि कुणी आजारी पडलं नाही तर सगळे आपले. मेडिक्लेममध्ये कुणी आजारी पडलं नाही, तर साठ हजार गेल्याचं दुःख करावं की कुणी आजारी पडलं नाही म्हणून पेढे वाटावेत, हे आमच्या अकाउंटन्सीच्या पुस्तकात नव्हतं. उलट तिसऱ्याच महिन्यात काही झालं, तर रिकरिंगमध्ये पंधरा हजार. हृदयाला झटका देण्याआधी पासबुक बघायची सवय नसते.

आयकराचं म्हणाल, तर आम्ही कॉलेजपासून जिला 80डी म्हणत आलो ती वजावट ज्येष्ठ आईवडिलांच्या हप्त्यासाठी पन्नास हजारांपर्यंत मिळते खरी. पण जुनी करप्रणाली धरली तर. मी नव्या प्रणालीत गेलेलो. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेला, ही बातमी अण्णांनी पेपरात तीन वेळा वाचली आणि त्यांचं मत मेडिक्लेमकडे झुकलं. फुकट मिळणाऱ्या गोष्टीइतकीच सूट मिळालेली गोष्ट त्यांना प्रिय आहे.

शेवटी मी दोन्ही केलं. रिकरिंगही उघडलं आणि एजंटलाही घरी बोलावलं. (आमच्या शाखेतून नाही घेतला. आम्ही विकतो त्यातलं मला कळतं.)

एजंट फॉर्म काढून बसला. आता, रोज सकाळी आमराईच्या बाकावर अण्णा आपला रक्तदाब, गुडघा आणि पित्त यांचं वृत्त सबंध मित्रमंडळाला देतात. पण फॉर्म दिसताच त्यांच्यातला हेडक्लार्क जागा झाला. ‘काही नाही मला. लिहा, निरंक.’ आतून आई आली. ‘निरंक काय? बीपीची गोळी आठ वर्षं चालू आहे. गुडघा दुखतो. रात्री घोरतात.’ घोरणं फॉर्ममध्ये घालायला एजंट तयार नव्हता, पण बाकीचं मी लिहायला लावलं. लपवलेला रक्तदाब नेमका बिलाच्या वेळी सापडतो, हे मी गिऱ्हाइकांना दिवसातून चारदा सांगतो.

मग एजंट मुदती सांगू लागला. आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षं थांबायचं. पूर्वी चार वर्षांपर्यंत थांबावं लागे, 2024 मध्ये नियामकाने वर्ष कमी केलं. गुडघ्याला दोन वर्षं. मोतीबिंदूला दोन वर्षं. शिवाय प्रत्येक बिलातले वीस टक्के आपण भरायचे. अण्णांनी एकच विचारलं, ‘मग पहिल्या दोन वर्षांत काय व्हायची परवानगी आहे?’ ‘अपघात,’ एजंट उत्साहाने म्हणाला, ‘अपघात पहिल्या दिवसापासून!’

पॉलिसी येऊन तीन महिने झाले आणि अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. उजव्यातला पिकत आलेला. मिरजेच्या डॉक्टरांनी एका डोळ्याचे पंचेचाळीस हजार सांगितले. अण्णा म्हणाले, ‘थांबू. एकवीस महिनेच तर राहिले.’ आणि खरोखरच थांबले. पेपर माझ्या मुलीकडून वाचून घेऊ लागले. ती मथळे सोडून फक्त क्रिकेट वाचते, म्हणून आठवडाभर देशात दुसरं काही घडलं नाही अशी त्यांची समजूत झाली. जिना उतरताना एक हात भिंतीवर ठेवू लागले. मी विषय काढला की म्हणत, ‘साठ हजार भरलेत ना? मग वसूल नको करायला?’

मी गप्प बसायचो. हेच वाक्य काउंटरच्या पलीकडून कुणी म्हटलं असतं, तर मी त्याला चार शब्द ऐकवले असते.

हा प्रश्न आईने सोडवला. एका सकाळी अण्णांनी आणलेला फ्लॉवर तिने माझ्यासमोर ताटात आपटला. त्यातून दोन गुबगुबीत अळ्या बाहेर आल्या. ‘एकवीस महिने मी ह्यांच्या अळ्या निवडणार नाही. आणि जिन्यावरून पडले, तर ते तुझ्या विम्यात पहिल्या दिवसापासून बसतं, मला ठाऊक आहे. मोड ते रिकरिंग.’

रिकरिंगमध्ये तेवढे पैसे नव्हते. वीस हजार आणि चिल्लर व्याज. उरलेल्या पैशांचा विचार करत मी उभा होतो, तोवर आई आत जाऊन रव्याच्या डब्याखालची पिशवी घेऊन आली. त्यात अठ्ठावीस हजार निघाले. भाजीच्या हिशेबातून साठलेले. अण्णा पिशवीकडे बघतच राहिले, जेवढं दिसत होतं तेवढं. त्यांनी आयुष्यभर तो हिशेब स्वतः तपासला होता.

दुसऱ्या दिवशी मी माझ्याच शाखेत रिकरिंग मोडायचा फॉर्म भरला. शेजारच्या काउंटरवरचा सहकारी नियमाप्रमाणे म्हणाला, ‘मुदतीआधी का मोडता? व्याज कमी बसेल.’ आणि लगेच, ‘मेडिक्लेम आहे का तुमच्याकडे?’

ऑपरेशन झालं. अण्णांनी नव्या डोळ्याने पहिल्यांदा पॉलिसीची पुस्तिका वाचली, बारीक अक्षरांसकट, लाल पेनने खुणा करत. आता डाव्या डोळ्याची तारीख त्यांनी स्वतः ठरवली आहे. दोन वर्षं पुरी होतील त्याच्या दुसऱ्या दिवशी. आईची हरकत नाही. भाजी आता ती स्वतः आणते आणि हिशेब देत नाही.