सहा पात्रांची रात्र

पावसाळ्यात आमच्या घरी नळाला फडके बांधतात. तेवढीच आमची जलपरीक्षा! २०२४च्या आषाढात भर पावसात पांजरापूरला भाच्याकडे गेलो. तेथील जलशुद्धीकरण केंद्रात तो केमिस्ट. पिसे येथील बंधाऱ्यावरून मुंबईचे पाणी येथे येते. भातसा नदी अगदी चहाच्या रंगाची झाली होती.

रात्री त्याने सहा पात्रांत ते पाणी घेतले, प्रत्येकात कमीजास्त तुरटी घालून ढवळले. गाळ कुठे नीट बसतो, त्यावरून साऱ्या पाण्याची तुरटी ठरायची! गढूळपणा उरला तर जंतूंना क्लोरीनपासून आडोसा मिळतो. मानक सांगते, १ एन.टी.यू.च्या आत.

तासाभरात पाऊस वाढला, ठरलेली तुरटी पुरेना.

“मामा, तुम्ही झोपा,” म्हणत त्याने पुन्हा सहा पात्रे भरली.