कावा

रजा कशासाठी घ्यावी याचे आपल्याकडे ठरलेले संकेत आहेत. लग्न, मुंज, आजारपण, घराची रंगरंगोटी, फार तर अष्टविनायकाची यात्रा. घोडीला गोल गोल फिरवण्यासाठी एकवीस दिवसांची हक्काची रजा मागणारी बाई आमच्या कचेरीने तरी पाहिलेली नव्हती. म्हणून अर्जातल्या कारणाच्या रकान्यात मी 'वैयक्तिक' एवढेच लिहिले, आणि साहेबांनीही सभ्यपणे पुढे काही विचारले नाही.

पुण्याजवळच्या एका घोडेस्वारीच्या शाळेत मी चार वर्षे दर रविवारी जाते. तिथे शर्यतीतून निवृत्त झालेली एक तांबूस घोडी आली. नाव बिजली. पाठीवर माणूस बसला की धावत सुटायचे, एवढेच तिला आयुष्यात शिकवलेले. दोन विद्यार्थ्यांना तिने आपटले, तेव्हा मालक म्हणाले, "जानेवारीअखेरपर्यंत बघू. पोरांना पाठीवर घेण्याइतकी निवली तर ठेवू, नाही तर विकू." कुणाला बसू न देणाऱ्या घोडीला गिऱ्हाईक कसले मिळते आणि तिचे पुढे काय होते, हे तबेल्यात सगळ्यांना ठाऊक असते. बोलत कुणी नाही. मोतद्दार मात्र त्या दिवशी तिला नेहमीपेक्षा जास्त वेळ खरारा करीत राहिला.

तिच्यासाठी उपाय एकच होता. ड्रेसाज. नाव फ्रेंच, अर्थ साधा : तालीम. वीस मीटर रुंद आणि चाळीस किंवा साठ मीटर लांब असे मैदान. कडेला अक्षरांच्या पाट्या. आणि त्यांच्या खुणेने वर्तुळे काढायची, नागमोडी जायचे, ठरल्या जागी थांबायचे, पुन्हा निघायचे. 1912 सालापासून हा प्रकार ऑलिंपिकमध्ये आहे, पण पाहणाऱ्याला वाटते, घोडा नुसता चालतो तर आहे! आपल्याकडे घोड्याला असे गोल फिरवण्याला 'कावा देणे' म्हणत. तोच शब्द आपण डावपेचासाठीही वापरतो, ही मोठी मौज आहे. कारण या वर्तुळात माणसाचा एकही डावपेच चालत नाही.

बिजलीचे उजवे वर्तुळ बरे होते. शर्यतीत उजवीकडे वळत वळतच तिची वर्षे गेली होती. डावीकडे मात्र ती फळीसारखी ताठ. मान वर, कान मागे, वर्तुळाचा पार भोपळा! शिकवायला घोडदळातून निवृत्त झालेले एक रिसालदारसाहेब होते. ते कठड्याला टेकून म्हणायचे, "ताई, डाव्या पोटरीचा हलका दाब. उजव्या लगामाचा आधार. तिला सांगा. आणि सांगून झालं की गप्प बसा."

हे 'गप्प बसा' सर्वांत अवघड. घोड्याला दाबाने प्रश्न कळतो, पण उत्तर बरोबर आले हे कळते तो दाब सुटल्यावर. तिने एक पाऊल जरी नीट वळवले, तरी त्याच क्षणी पोटरी सैल पडली पाहिजे, बोटे मऊ झाली पाहिजेत. क्षणभर उशीर झाला तर ती समजते, हेही चुकले. आमच्या कचेरीत आदेशामागून स्मरणपत्र जाते आणि त्यामागून स्मरणपत्राचे स्मरणपत्र. काम झाल्यावर 'झाले' असे कळवणारे पत्र मात्र कुणी कुणाला धाडल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

ग्रीक सेनानी झेनोफोन याने सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी घोड्यावर पुस्तक लिहिले, त्यात हेच आहे : जबरदस्तीने करवून घेतलेल्या गोष्टीत ना समज असते, ना सौंदर्य.

आठ दिवस काहीच घडले नाही. नवव्या दिवशी दुडकीवरून कदमावर ती न ओढता आली. चौदाव्या दिवशी डाव्या वर्तुळात तिने मान खाली सोडली, लांब फुरफुरली आणि लगामाची कडी चघळू लागली. रिसालदारसाहेबांनी फक्त टोपी काढून पुन्हा घातली.

विसाव्या दिवशी मालक आले. त्यांनी शाळेतल्या एका दहा वर्षांच्या मुलीला बिजलीवर बसवले. मी कठड्याबाहेर उभी होते. माझ्या हातात लगाम नव्हता आणि सांगण्यासारखे काही उरलेही नव्हते. पोरीने डावीकडे कावा दिला. भोपळा नाही, वर्तुळच. मालक घड्याळ पाहत म्हणाले, "राहू दे." मोतद्दार तोंड फिरवून तोबरा भरायला गेला.

2023 साली हांगचौच्या आशियाई स्पर्धेत सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंह, अनुष अगरवाला आणि मुंबईचे हृदय छेडा या चौघांनी ड्रेसाजमध्ये भारताला सांघिक सुवर्णपदक मिळवून दिले. त्यांचे घोडे नाचल्यासारखे चालतात. मी हल्ली घोड्यांचे पाय पाहत नाही, स्वारांची बोटे पाहते. ती केव्हा मऊ होतात, ते दूरवरून कळत नाही. पण घोड्याला कळलेले असते.