काइंडीतली झाडं

गेल्या महिन्यात आई-बाबांना घेऊन कझाकस्तानला गेलो होतो. अल्माटीहून एक दिवसाची टूर: चारीन कॅनियन, कोलसाई आणि काइंडी तळं. पहाटे निघायचं, रात्री उशिरा परत. चारीनचे लाल कडे बघून बाबा नुसतं "छान आहे" म्हणाले. म्हटलं, कंटाळले. असो.

काइंडीचा रस्ता इतका खडबडीत, की जुन्या रशियन व्हॅनमधून जावं लागतं. तिथे मात्र बाबा काठावर खिळलेच. १९११ च्या भूकंपात दरड कोसळली, दरीतलं पाणी अडलं आणि स्प्रूसचं जंगल बुडालं. वाळलेले बुंधे अजून पाण्याबाहेर उभे आहेत, डोलकाठ्यांसारखे. पाणी थंडगार, म्हणून आतल्या फांद्याही टिकल्यात. गाईड सांगत होता, मी मराठीत सांगत होतो.

"आमच्या परसातला आंबा असाच दिसायचा," बाबा म्हणाले. "नुसता शेंडा. मग तोही गेला."

त्यांचं गाव कोयना धरणात गेलं, एवढंच मला माहीत होतं. बाबा तेव्हा सात वर्षांचे. पुढचं मी कधी विचारलंच नव्हतं!

परतताना कॅमेरा बॅगेत टाकला. "बाबा, अजून काय काय होतं तिथे?"

अल्माटीचे दिवे दिसेपर्यंत बाबा बोलत होते.