बोथट सुरी

लेक पुण्याला नोकरीला लागली. तिघी मैत्रिणींनी मिळून खोली घेतली. पहिल्याच आठवड्यात तिचा फोन आला, "मम्मी, इथली सुरी टोमॅटो चिरत नाही, नुसता दाबते. येताना एक चांगली सुरी घेऊन ये ना." मी हो म्हटलं खरं, पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की पंचवीस-सव्वीस वर्षांच्या संसारात मी एकही सुरी निवडून घेतलेली नाही. भांड्यांबरोबर फुकट आली ती वापरली, नाहीतर आठवडेबाजारात दिसली ती उचलली. आणि सगळ्या बोथट. हा निव्वळ आळस नव्हता. त्याची मुळं माहेरात होती.

माझं माहेर जुन्या नाशकातलं, भद्रकालीच्या बाजूचं. दादी सगळं विळीवर चिरायची. एक पाय विळीच्या पाटावर, दोन्ही हात मोकळे. विळीचं पातं जागचं हलत नाही, भाजीच त्याच्याकडे जाते. पुढे घरात ओटा आला, अम्मी उभी राहून रांधू लागली आणि विळीची जागा सुरीनं घेतली. सुरीचं उलटं. भाजी जागेवर राहते, पातं हलतं. म्हणून ती हाताच्या मापाची लागते.

घरात दोन चांगल्या सुऱ्या होत्या. एक रोजची. दुसरी मोठी, लोहाराकडून गाडीच्या पाट्याची घडवून घेतलेली, बकरी ईदला काढायची. ६ डिसेंबर १९९२ ला अयोध्येची बातमी आली. मी तेव्हा बारावीला होते. त्या रात्री अब्बांनी दोन्ही सुऱ्या जुन्या लुंगीत गुंडाळून गव्हाच्या कोठीत तळाशी घातल्या. "कुणी झडतीला आलं तर?" एवढंच ते बोलले.

कुणी आलं नाही. अम्मीच्या हाताशी राहिली ती मूठ हलणारी एक जुनी, बोथट सुरी. तिसऱ्या रात्री तांबडा भोपळा चिरताना ती सालीवरून घसरली आणि डाव्या हाताच्या बोटात खोल गेली. रात्रीचं दवाखान्यात न्यायला कुणी धजावलं नाही. हळद भरून चिंधी बांधली. ते बोट पुढे कधी पुरतं वाकलं नाही. धारेच्या सुऱ्या कोठीत पडून होत्या आणि रक्त काढलं ते बोथट सुरीनं.

उन्हाळ्यात नवे गहू भरताना सुऱ्या बाहेर निघाल्या. घाईत न पुसता गुंडाळल्या होत्या, त्यामुळे मोठीला गंज चढला होता. ईदला आलेल्या कसाबानं तिच्या धारेवर अंगठा आडवा फिरवून पाहिला आणि ती खाली ठेवली. "भाईजान, इससे जानवर को तकलीफ होगी," म्हणत त्यानं आपली सुरी काढली. अब्बांनी मान खाली घातली. जनावराला त्रास होऊ नये म्हणून सुरीला आधी नीट धार लावावी, ही शिकवण हदीसमध्येच आहे. आमच्या घरात ती मोडली होती, पण बेपर्वाईनं नव्हे, भीतीनं.

त्यानंतरही अब्बा बदलले नाहीत. सायकलवर चाक बसवलेला धारवाला गल्लीत आला, की आमच्या घरातून कात्र्या बाहेर जात, सुरी आतच राही. बऱ्याच वर्षांनी एका वकील नातेवाइकाकडून मला कळलं, की १९५९ च्या शस्त्र कायद्यानं निव्वळ घरकामासाठी किंवा शेतीसाठी बनवलेल्या वस्तू शस्त्रांच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख येतो, पण तिथंही घरकामाची हत्यारं वेगळी काढलेली आहेत. मी मोठ्या उत्साहानं हे अब्बांना सांगितलं. ते हसले. म्हणाले, "बेटा, कायदा झडतीनंतर वाचतात."

या वेळी मात्र मी ठरवलं, लेकीला द्यायची सुरी पारखूनच घ्यायची. मेन रोडला एका जुन्या दुकानात गेले. दुकानदार चाचा वयस्कर होते, त्यांना घाई नव्हती. मी चकचकीत सुऱ्यांच्या संचाकडे पाहत होते. ते म्हणाले, "सहा घेऊन पाच पडून राहतात. एकच घ्या, आठ इंची. हात लहान असेल तर सहा इंची."

मग त्यांनी पोलादाचा फरक सांगितला. पाट्याच्या सुरीसारखं साधं पोलाद धार पटकन घेतं, पण ओलं राहिलं की गंजतं आणि लिंबू, चिंच, कांदा लागला की काळं पडतं. स्टेनलेसमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, म्हणून ते सहसा गंजत नाही. इंग्लंडातल्या शेफील्डला हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये असं पोलाद तयार केलं. तीन मुलींच्या खोलीत सुरी धुऊन लगेच कोण पुसणार? मी स्टेनलेसची बाजूला काढली.

चाचांनी ती माझ्या हातात दिली. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत पात्याचं मूळ, उरलेली तीन बोटं मुठीवर, अशी पकड दाखवली. पातं फळीवर टेकवलं, तर बोटांची पेरं फळीला लागता कामा नयेत. पातं मुठीच्या शेवटापर्यंत आत गेलेलं आणि रिबिटांनी पक्कं केलेलं हवं. मूठ हलली की सुरी फसवते. हे ऐकताना मला अम्मीचं बोट आठवत होतं.

सुरीबरोबर मी धारेचा दगडही घेतला, एका बाजूनं खरखरीत, दुसऱ्या बाजूनं मऊ. चाचा म्हणाले, "कोरड्या चाकावर ठिणग्या उडवत बसलं, तर पातं तापतं आणि त्याचं पाणी उतरतं. दगडावर पाणी घालून सावकाश घासा." कोनाची युक्तीही सोपी. सुरी दगडावर काटकोनात उभी धरायची, निम्मी कलवायची, पुन्हा निम्मी कलवायची, की जवळपास हवा तो कोन मिळतो. आणि चिरायचं लाकडी फळीवर. ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा स्टीलच्या ताटात चिरलं, तर चांगली धारही लवकर मरते.

घरी येताना शिकलगार हा शब्द मनात घोळत राहिला. सांगली, सातारा, कोल्हापूरकडे आपल्यातली कितीतरी घरं हे आडनाव लावतात. हत्यारांना धार आणि झिलई करणारे ते शिकलगार. मूळ शब्द अरबी, अर्थ घासून उजळवणं. ज्या समाजानं पिढ्यान्‌पिढ्या गावाची पाती उजळली, त्याच समाजातल्या माझ्या अब्बांना आपल्या स्वयंपाकघरातली सुरी लपवावी लागली.

पुण्याला निघताना सुरी पुठ्ठ्यात घातली, वर वर्तमानपत्र गुंडाळलं आणि नकळत दुकानाची पावती वरच्या बाजूला, दिसेल अशी खोचली. एसटीत बसल्यावर ते ध्यानात आलं आणि स्वतःचाच राग आला. कुणाला दाखवायची होती ती? पावती काढली. पण फेकली नाही, पर्समध्ये ठेवली. तेवढी भीती माझ्यातही उरली आहे.

लेकीच्या खोलीवर पोचल्यावर सुरी तिच्या हातात दिली नाही, ओट्यावर ठेवली. हातात दिली तर भांडण होतं, असं दादी म्हणायची. लेकीनं ती उचलली आणि पहिला चिरला तो मी नाशकाहून नेलेला कांदा. बोथट सुरीनं कांदा चिरला जात नाही, चेंगरतो, रस उडतो आणि डोळे जास्त झोंबतात. तिच्या डोळ्यांत नेहमीइतकं पाणी आलं नाही. तिला त्याचंच अप्रूप वाटलं.

मग तिनं सुरी धुतली, पुसली आणि विचारलं, "कुठं ठेवू?"

माझ्या तोंडावर आलं होतं, 'आत, खणात, खाली.' मी ओट्यावरच्या खिडकीजवळची जागा दाखवली. "तिथं ठेव," म्हटलं. "रोज हाताशी येईल अशी."