पडला की पाडला

रस्त्यावरचं झाड पडलं आणि रस्त्यावरचं झाड पाडलं. फरक एका कान्याचा. पहिल्या वाक्यात कोणाला शोधत बसावं लागत नाही. वारा आला असेल, मुळं कुजली असतील. दुसऱ्या वाक्यात कुऱ्हाड कोणाच्या हातात होती हे विचारावंच लागतं. मी जाहिरातींची कॉपी लिहिते. या धंद्यात बरेचदा पैसे मिळतात ते हा काना अलगद काढून टाकण्याचे.

हे सगळ्यात लख्ख दिसलं ते अमेरिकेतल्या एका जुन्या रेसट्रॅकच्या बाबतीत. नॉर्थ विल्क्सबरो स्पीडवे. नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या डोंगराळ विल्क्स काउंटीतला. मी तिथे कधी गेलेली नाही. ओळख झाली लॉकडाउनमध्ये, भावाच्या लॅपटॉपवर. मे २०२० मध्ये खऱ्या रेस बंद होत्या, म्हणून नॅसकारचे खरे ड्रायव्हर घरी बसून आयरेसिंग नावाच्या सिम्युलेटरवर एकमेकांशी लढत होते. ९ मेच्या रेसमध्ये डेनी हॅमलिन जिंकला. शोरूममधल्यासारख्या दिसणाऱ्या गाड्या लंबगोल ट्रॅकवर फिरतायत, फिरतायत, फिरतायत. यात बघायचं काय, असं मी विचारणार, तेवढ्यात भाऊ म्हणाला, "ताई, हा ट्रॅक खरा आहे. पण तिथे आता झाडं उगवलीत."

गेममध्ये तो आला कसा, तीही एक गोष्टच आहे. डेल अर्नहार्ट ज्युनियर हा अमेरिकेतला लाडका ड्रायव्हर. डिसेंबर २०१९ मध्ये तो काही स्वयंसेवकांना घेऊन तिथे गेला, डांबराच्या भेगांतून वर आलेलं तण उपटलं, ट्रॅक झाडून काढला, आणि मग लेझरने त्याचं मोजमाप घेतलं गेलं. खरा ट्रॅक वाचणार नाही, निदान त्याचा डिजिटल ठसा तरी राहू दे, एवढाच हेतू.

ट्रॅक तसा छोटा. पाऊण मैलाहून थोडा कमी म्हणा, नेमकं सांगायचं तर ०.६२५ मैल. एका बाजूची सरळ पट्टी उताराची, समोरची चढाची. जमीन सपाट करायला पैसे पुरले नाहीत म्हणून असं झालं, असं सांगतात. इनॉक स्टॅली आणि त्याच्या भागीदारांनी तो १९४७ मध्ये सुरू केला, म्हणजे नॅसकार जन्मायच्या आधी. १९४९ मध्ये नॅसकारचा पहिला मोठा हंगाम संपला तोही इथेच. पुढे वरच्या श्रेणीच्या एकूण ९३ रेस इथे झाल्या.

आणि मग हातभट्टी. विल्क्स काउंटी मूनशाइनसाठी, म्हणजे चोरून गाळलेल्या दारूसाठी, देशभर बदनाम होती. रात्री दारूचे डबे भरून, दिवे मालवून, एक्साइजवाल्यांना चकवत डोंगरातल्या वळणांवरून गाडी काढायची. त्यातूनच अनेक ड्रायव्हर तयार झाले. त्यांतला सगळ्यात मोठा ज्युनियर जॉन्सन. तो याच काउंटीतला. १९५६ मध्ये बापाच्या भट्टीवर पकडला गेला आणि जवळजवळ वर्षभर तुरुंगात बसला. वरच्या श्रेणीत ५० रेस जिंकला. १९८६ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी त्याला माफी दिली. पुढे तर त्याच्या नावाने कायदेशीर मूनशाइनचा ब्रँडही निघाला.

या ट्रॅकच्या रेसची नावं वाचण्यासारखी आहेत. तिथली वसंतातली रेस आधी नॉर्थवेस्टर्न बँकेच्या नावाने होती. ही बँक गावचीच. १९८५ मध्ये ती शार्लटच्या फर्स्ट युनियन बँकेत विलीन झाली आणि रेसचं नावही फर्स्ट युनियन ४०० झालं. शरदातली रेस हॉली फार्म्स ४००. हॉली फार्म्स म्हणजे तिथली कोंबडीवाली कंपनी. १९८९ मध्ये ती आर्कान्सासच्या टायसनने गिळली. रेस झाली टायसन हॉली फार्म्स ४००. लोज हे अमेरिकेतलं हार्डवेअरचं अवाढव्य साम्राज्य १९२१ मध्ये याच गावातल्या एका दुकानातून निघालं, आणि त्याचंही मुख्यालय पुढे शार्लटजवळ गेलं. एका छोट्या गावाचा पैसा बाहेर कसा गेला याचा अभ्यास करायचा तर अर्थशास्त्राचं पुस्तक नको, तिकिटांवरची नावं पुरे.

आता १९९६. इथेच तो काना आहे.

मे १९९५ मध्ये स्टॅली वारला. त्यानंतर महिन्याभरातच शार्लटच्या ट्रॅकचा मालक ब्रूटन स्मिथ याने भागीदार कोम्ब्स घराण्याकडून निम्मा ट्रॅक विकत घेतला. उरलेला निम्मा न्यू हॅम्पशायरच्या ट्रॅकचा मालक बॉब बाहरे याने स्टॅलींकडून घेतला. दोघांनाही डोंगरातला जुनाट ट्रॅक नको होता. हव्या होत्या तारखा. नॅसकारमध्ये ट्रॅक बांधायला पैसा लागतो, पण खरी चणचण तारखांची. वर्षाच्या वेळापत्रकात जागा मर्यादित, आणि नॅसकारने दिल्याशिवाय रेस होत नाही. स्मिथ टेक्सासमध्ये नवा प्रचंड ट्रॅक उभारत होता; वसंतातली तारीख तिकडे गेली. शरदातली न्यू हॅम्पशायरला. २९ सप्टेंबर १९९६ला जेफ गॉर्डन शेवटची रेस जिंकला आणि फाटकाला कुलूप लागलं.

यात बेकायदा काहीच नव्हतं. मला यातलं हेच सगळ्यात बोचतं. दारू गाळणारा पोरगा तुरुंगात गेला. गावाची वर्षातली दोन सोन्यासारखी रविवारं उचलून नेणाऱ्यांनी रीतसर सह्या केल्या.

मग वर्षानुवर्षं गवत. १९९९ मध्ये स्मिथच्या शार्लटच्या ट्रॅकला प्रायोजकाचं नाव मिळालं: लोज मोटर स्पीडवे. म्हणजे गावातून निघालेल्या दुकानाचं नाव गावाची रेस नेणाऱ्याच्या ट्रॅकवर, आणि गावच्या ट्रॅकवर तण. कादंबरीत हे लिहिलं असतं तर संपादकाने 'फार जुळवून आणलंय' म्हणून परत पाठवलं असतं. २००८च्या सुरुवातीला स्मिथच्या कंपनीने, म्हणजे स्पीडवे मोटरस्पोर्ट्सने, बाहरेचा न्यू हॅम्पशायर ट्रॅक ३४ कोटी डॉलरला घेतला. त्यासोबत नॉर्थ विल्क्सबरोचा उरलेला निम्मा हिस्साही आला. तिथून पुढे त्या पडीक जागेचा मालक एकच होता. मधे २०१०-११ मध्ये भाडेकरूंनी थोड्या रेस भरवून पाहिल्या, त्याही थांबल्या.

नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्याच्या बजेटमध्ये या ट्रॅकच्या कामांसाठी १ कोटी ८० लाख डॉलर ठेवले गेले. हा पैसा केंद्राच्या कोविड मदतनिधीतून आलेला. ऑगस्ट २०२२ मध्ये स्थानिक रेस झाल्या, अर्नहार्ट ज्युनियर स्वतः उतरला. सप्टेंबरमध्ये मोठी घोषणा झाली, आणि २१ मे २०२३ला नॅसकारची ऑल-स्टार रेस तिथे झाली. काइल लार्सन जिंकला. स्टँड गच्च. लोक रडत होते, आणि ते रडणं खरं होतं. जाहिरातवाल्यांना तेवढं खरं कधी लिहिता येत नाही.

ऑगस्टमधल्या त्या रेसना नाव दिलं होतं 'रेसट्रॅक रिव्हायव्हल'. कॉपी म्हणून मी याला पैकीच्या पैकी देईन. अमेरिकेच्या दक्षिणेत रिव्हायव्हल म्हणजे तंबूत भरणारा भक्तीचा मेळावा, जिथे पापी लोक रडत परत देवाकडे येतात. पुनरुज्जीवन म्हटलं की आधीचा मृत्यू गृहीत धरला जातो. मृत्यू कसा झाला हे मेळाव्यात कोण विचारतं?

ट्रॅक दुरुस्त करताना चकचकीत केला नाही. गंजलेल्या पाट्या, उडालेले रंग, विन्स्टन सिगारेटच्या काळातल्या लाल-पांढऱ्या खुणा, सगळं जपलं. टीव्ही आणि रेडिओवर सिगारेटच्या जाहिरातींना अमेरिकेत बंदी आली ती १९७१च्या सुरुवातीला, आणि त्याच वर्षी विन्स्टनने नॅसकारच्या मुख्य मालिकेला आपलं नाव दिलं. त्या पळवाटेचा रंग आज वारसा आहे. पण मला त्याहून जास्त खटकतो तो गंज. गंज म्हणजे पंचवीस वर्षांच्या दुर्लक्षाचा पुरावा. त्याला नीट प्रकाश देऊन फोटो काढला की तो 'कॅरेक्टर' होतो. दुर्लक्ष करणाराच तिकीट लावून दाखवू शकतो, हे मात्र मी आधी पाहिलं नव्हतं.

एप्रिल २०२४ मध्ये तर कमालच झाली. मुख्य स्टँडच्या पायऱ्यांमधल्या भेगा साफ करताना खाली सुमारे ७०० चौरस फुटांची पोकळी सापडली. कंपनीने लगेच जाहीर केलं की इथे कदाचित हातभट्टी असावी. तशी पुराण्या गोष्ट होतीच. जगभर बातम्या. मीही वाचली, आणि आवडली. मग लक्षात आलं: ७० वर्षांपूर्वीच्या संभाव्य गुन्ह्याची गुहा दिवे लावून दाखवतायत, आणि ज्या व्यवहाराचे कागद आहेत, सह्या आहेत, तारखा आहेत, त्याला बिचाऱ्याला एक वाक्यही मिळत नाही.

कंपनीने काही लपवलं असं मी म्हणत नाही. सगळं वर्तमानपत्रांत छापलेलं आहे, तिथल्या म्हाताऱ्यांना पाठ आहे. जाहिरात लपवत नाही, ती कर्ता वगळते. ट्रॅक 'हरवला', 'विस्मरणात गेला', 'शांत झाला'. सगळी क्रियापदं अकर्मक. आमच्याकडे एकदा परळ भागातल्या टॉवरचं काम आलं होतं. क्लायंटला गिरणीची चिमणी हवी होती, भोंगा हवा होता, 'श्रमाचा वारसा' हवा होता. मीटिंगमध्ये संप हा शब्द निघाला तेव्हा समोरच्याने पाण्याचा घोट घेतला आणि फॉन्टबद्दल विचारलं. त्यामुळे ही भाषा मला दुरूनही ओळखू येते.

दुसरी बाजूही आहे. ब्रूटन स्मिथ जून २०२२ मध्ये वारला, पहिल्या रेसच्या आधीच. ट्रॅक उभा केला तो त्याच्या मुलाने, मार्कस स्मिथने, आणि त्याने तिथे मॉल काढला नाही. गावातल्या हॉटेलवाल्याला, पेट्रोल पंपवाल्याला व्याकरणाशी घेणं नाही. रविवार परत आला, बस्स. मी त्या गावची असते तर मीही गेले असते, भेगाळलेल्या पायरीवर बसून ओरडले असते. पण तिकिटाच्या मागे बारीक अक्षरांत का होईना, "१९९६ मध्ये आम्ही इथल्या तारखा नेल्या" एवढं लिहायला काय हरकत होती? पाच-सहा शब्द. त्याने एकही तिकीट कमी खपलं नसतं. उलट, मी क्लायंटला सांगितलं असतं, याच्याइतकी चांगली हेडलाइन तुम्हाला मिळणार नाही.

ऑल-स्टार रेस ही प्रदर्शनी रेस असते, तिचे गुण चॅम्पियनशिपमध्ये धरत नाहीत. २०२६च्या वेळापत्रकात मात्र नॉर्थ विल्क्सबरोला गुणांची रेस दिली गेली, जुलैची, १९९६ नंतरची पहिली. नाव विंडो वर्ल्ड ४५०, आणि विंडो वर्ल्ड ही खिडक्यांची कंपनी नॉर्थ विल्क्सबरोचीच. गावाचं नाव तिकिटावर परत आलं म्हणून मी भावाला मेसेज केला. त्याचं उत्तर आलं, "डोव्हरचं वाचलंस का?" डोव्हर हा डेलावेअर राज्यातला ट्रॅक, आता त्याच कंपनीचा. १९६९ पासून दर वर्षी तिथे गुणांची रेस होत आली. २०२६ला ती नाही. त्याऐवजी ऑल-स्टार रेस तिकडे गेली. तिथल्या पोस्टरवर काय लिहितात, ते बघायचंय.