कंसातलं गाव आणि आबाजींची फाईल

माझ्या गावाच्या नावात कंस आहे. कारंजा (घाडगे), जिल्हा वर्धा. नागपूर-अमरावती रोडवर, संत्र्याच्या बागांमधलं तालुक्याचं गाव. फर्स्ट इयरला होस्टेलवर आलो तेव्हा दर दुसरा मुलगा विचारायचा, "कारंजा म्हणजे वाशीमचं ना?" नाही बाबा, ते कारंजा (लाड). आमचं घाडगे. कंस काढला की आम्ही एकदम दुसऱ्या जिल्ह्यात!

तेव्हा ही गंमत वाटायची. पुढे डीबीएमएसच्या तासाला सरांनी 'प्रायमरी की' शिकवली आणि वाटलं, अरे, आमचा कंस म्हणजे हेच की! दोन नोंदी एकमेकींत मिसळू नयेत म्हणून लावलेली खूण. पण ही खूण नसली तर काय होतं, ते मला पुस्तकातून नाही, आमच्या आबाजींच्या दवाखान्याच्या फाईलमधून कळलं.

आबाजी म्हणजे माझे आजोबा. वय अठ्ठ्याहत्तर. बीपी आहे, शुगर आहे, २०१६ साली हृदयात एक स्टेंट बसवली आहे. त्यांचे कागद एका साड्यांच्या दुकानाच्या प्लॅस्टिक पिशवीत असायचे. आमच्याकडे या पिशवीला 'फाईल'च म्हणतात. तुमच्याही घरी अशी एक 'फाईल' असेल, कपाटाच्या वरच्या फळीवर किंवा देवघराच्या मागे!

मागच्या वर्षी फेब्रुवारीत, मृग बहाराचा तोडा सुरू असताना, आबाजींच्या छातीत रात्री जड वाटायला लागलं. बाबांनी त्यांना गाडीत घातलं आणि नागपूर गाठलं. मी इथे होस्टेलवर. दीड वाजता बाबांचा फोन आला, "डॉक्टर विचारून रायले, जुना ईसीजी आहे का?"

पिशवी सोबत होती आणि तिच्यात ईसीजीही होता. पण तो उलगडून पाहिला तर कोरा! फिकट गुलाबी चौकटी तेवढ्या दिसत होत्या, रेघ उडून गेलेली. ईसीजीचा कागद बहुतेक ठिकाणी थर्मल असतो, एटीएमच्या पावतीसारखा. उष्णता, उजेड आणि प्लॅस्टिकचा सहवास या तिन्हींनी त्यावरची छपाई उडते. आमच्याकडचा मे महिना आणि साड्यांची पिशवी, म्हणजे सगळा योग जुळून आलेला. डॉक्टरांना एवढंच पाहायचं होतं की आजच्या ईसीजीत दिसतो तो बदल नवा आहे की आधीपासूनचा. ते कळायला मार्ग नसल्यामुळे त्यांना रात्रभर ठेवून घेतलं, काही तासांच्या अंतराने पुन्हा रक्त तपासलं. सकाळी कळलं की अ‍ॅटॅक नव्हता. पण ती रात्र बाबांनी बाकावर आणि मी मोबाईल हातात धरून काढली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी गेलो तो ठरवूनच. पिशवी ओट्यावर रिकामी केली. एकशे सत्तावीस कागद निघाले. आबाजी बाजेवरून पाहत होते. म्हणाले, "बाप्पा! हे सगळं माया एकट्याचं व्हय?"

आधी तारखेप्रमाणे लावायला घेतले, तर पहिलाच धडा मिळाला. आबाजींचं नाव चार प्रकारे लिहिलेलं. कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचं नाव गायब, कुठे इंग्रजी स्पेलिंग वेगळं. वय तर दर दवाखान्यात डॉक्टरांनी अंदाजे टाकलेलं. एका कागदावर ते २०१८ मध्ये २०१६ पेक्षा तरुण होते. आणि एका लॅबच्या रिपोर्टवर पत्ता होता, 'कारंजा, जि. वाशीम'. घ्या! कंस गेला आणि आबाजी जिल्हा बदलून आले.

स्कॅनिंगचं काम तसं सोपं होतं. मोबाईलवर स्कॅन करायचं, पीडीएफ करायची, फाईलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग तपासणीचं नाव लिहायचं. असं केलं की कॉम्प्युटर आपोआप क्रमाने लावतो. अँजिओग्राफीची सीडी होती, पण माझ्या लॅपटॉपला सीडी ड्राईव्हच नाही. शेवटी गावातल्या एका कॉम्प्युटरवाल्याकडच्या जुन्या डबड्यात ती चालली. त्यातल्या फाईली डायकॉम नावाच्या प्रकारच्या असतात. त्या तशाच जपायच्या. स्क्रीनचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की त्यातला बारकावा मरतो, डॉक्टरला उपयोग राहत नाही.

मित्रांनो, इथपर्यंत मला वाटत होतं की काम झालं. एकशे सत्तावीस कागदांच्या एकशे सत्तावीस पीडीएफ. पण रात्री दोन वाजता घाईतला डॉक्टर एकशे सत्तावीस पीडीएफ उघडेल का? म्हणून एक पानाचा गोषवारा करायला घेतला. नाव, वय, रक्तगट, आजार, ऑपरेशन, अ‍ॅलर्जी आणि चालू औषधं. औषधं लिहिताना कंपनीचं नाव न लिहिता पट्टीच्या मागे बारीक अक्षरात असतं ते औषधाचं मूळ नाव लिहायचं ठरवलं. आणि तिथे थबकलो. सकाळच्या डब्यातली पांढरी गोळी आणि रात्रीच्या डब्यातली दुसऱ्या कंपनीची गोळी, दोन्हींच्या मागे एकच नाव, टेल्मिसार्टन! बीपीचं एकच औषध आबाजी दोन नावांनी दोनदा घेत होते. एक गावच्या डॉक्टरांनी दिलेलं, एक नागपूरहून सुट्टी होताना मिळालेलं. दोघांनी एकमेकांचा कागद पाहिलाच नव्हता. आबाजी तीन महिने म्हणत होते, "उठतो तं डोळ्यापुढं अंधारी येते." आम्ही म्हणत होतो, वयच झालं आता.

दुसऱ्या दिवशी ते पान घेऊन गावच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी वाचलं, बीपी मोजलं, उभं करून पुन्हा मोजलं आणि एक गोळी बंद केली. पंधरा दिवसांत अंधारी कमी झाली. सगळ्या स्कॅनिंगपेक्षा त्या एका पानाचा उपयोग जास्त झाला, हे मी आवर्जून सांगतो. मात्र डॉक्टरला न विचारता स्वतःच गोळी बंद करू नका, एवढी विनंती.

आता तुम्ही म्हणाल, दवाखान्यांकडे कॉम्प्युटर आहेत ना, मग आपण हे कशाला करायचं? मीही हेच म्हणायचो. आमच्या जिल्ह्यातलं सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज १९६९ चं, देशातलं पहिलं ग्रामीण मेडिकल कॉलेज. तिथल्या कस्तुरबा रुग्णालयात सी-डॅकने केलेली संगणक प्रणाली २००० च्या दशकातच आली. पण आमच्या भागातला माणूस एकाच दवाखान्यात जात नाही. आज गावात, उद्या सेवाग्राम किंवा सावंगी, परवा नागपूर, नातेवाईक असला तर अमरावती. प्रत्येक ठिकाणी नवा नंबर, नवा केसपेपर.

शिवाय दवाखाना आपले कागद कायम जपतो हा समजही खरा नाही. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे भरती झालेल्या रुग्णाची नोंद डॉक्टरांनी तीन वर्षं ठेवायची असते. त्या काळात रुग्णाने मागितली तर ७२ तासांत द्यायची असते. म्हणजे मागणं हा आपला हक्क आहे, पण त्याला मुदत आहे. सुट्टी होतानाच सगळे कागद मागून घ्यावेत हे बरं.

यावर सरकारने काढलेला उपाय म्हणजे आयुष्मान भारत डिजिटल मिशन. २०२० मध्ये सहा केंद्रशासित प्रदेशांत सुरुवात झाली आणि २७ सप्टेंबर २०२१ ला ते देशभर आलं. त्यात प्रत्येकाला १४ आकडी 'आभा' नंबर मिळतो. म्हणजे आमचा कंसच! गावात अनेकांना वाटतं की आभा म्हणजे पाच लाखांपर्यंत मोफत उपचाराचं आयुष्मान कार्ड. तसं नाही. ते वेगळं, हे वेगळं. दुसरा गैरसमज असा की आभा काढलं की सगळे रिपोर्ट दिल्लीला एका ठिकाणी जमा होतात. तसंही नाही. रिपोर्ट जिथे तयार झाला तिथेच राहतो. नंबरामुळे तो कोणाचा आणि कुठे आहे हे कळतं. जो दवाखाना या व्यवस्थेला जोडलेला असेल त्याचेच रिपोर्ट त्यात दिसतात. दुसऱ्या डॉक्टरला ते पाहायचे तर रुग्णाची परवानगी लागते. कोणता रिपोर्ट, कोणत्या काळातला, किती दिवसांसाठी, हे रुग्णाने ठरवायचं. दिलेली परवानगी परतही घेता येते.

हे सगळं मी आबाजींना मोठ्या उत्साहाने समजावून सांगत होतो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "परवानगी कशी देतेत?"

"ओटीपी येतो ना आबाजी, मोबाईलवर."

"कोनाच्या?"

मी गप्प झालो. आबाजींकडे साधा बटणांचा फोन, आणि आधारला नंबर जोडलेला बाबांचा. आबाजी म्हणाले, "मंग माही परवानगी तुया बापाच्या फोनवर येईन. मले कोन इचारन?"

याच्यामागे एक कारण होतं. पिशवीच्या तळाशी एक पिवळा पडलेला, घड्यांवर फाटलेला कागद निघाला होता. आबाजींच्या तरुणपणी झालेल्या एका आजाराचा. तो मी स्कॅन करायला उचलला तेव्हा ते बाजेवरून उठून आले होते. "तो राहू दे. तुया आत्याचं लग्न व्हायचं होतं तवा. कोनाले नाही सांगतलं." घरात आजीशिवाय हे कोणालाच माहीत नव्हतं. बाबांनाही नाही. आजार कधीच बरा झालेला, आत्याला आता नातू आहे. पण भीती अजून त्या कागदात घडी घालून ठेवलेली.

मी म्हटलं, आबाजी, डॉक्टरला हे माहीत असलेलं बरं. ते म्हणाले, "डॉक्टरले मी सांगन. तोंडानं सांगन. सगळ्या गावानं कायले वाचाव?" त्यावर बराच वेळ बोलणं झालं. शेवटी त्यांनीच ठरवलं. तो कागद स्कॅन करायचा, पण वेगळ्या फोल्डरमध्ये, पासवर्ड लावून. पासवर्ड त्यांनी सांगितलेला, मला आणि त्यांनाच माहीत. छापील पानावर तो आजार नाही. गावच्या डॉक्टरांना त्यांनी पुढच्या भेटीत, मला बाहेर थांबवून, स्वतः सांगितलं. आभा नंबरही काढला. पण घरात नियम ठरला की ओटीपी आला की आधी आबाजींना विचारायचं, ते हो म्हणाले तरच आकडा सांगायचा.

हा लेख लिहिण्याआधीही मी त्यांना फोनवर विचारलं. म्हणाले, "गोळ्यायचं लिहजो, ईसीजीचं लिहजो. त्याचं नाव नको लिहू." म्हणून लिहिलेलं नाही.

आपण सॉफ्टवेअर बनवणारी मुलं. 'युजर' हा शब्द दिवसातून पन्नासदा वापरतो. आपल्या मनातल्या युजरकडे स्वतःचा स्मार्टफोन असतो, स्वतःचा नंबर असतो आणि लपवायचं काही नसतं. उद्या तुमच्यापैकी कोणी अशा प्रणालीवर काम कराल तेव्हा बटणांचा फोन असलेला एक म्हातारा माणूस जरा डोळ्यापुढे ठेवा.

आणि कागद फेकू नका. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि एवढ्या मोठ्या दवाखान्याला सुमारे दोन आठवडे बरंच काम हाताने करावं लागलं. आमच्या घरी आता तीन ठिकाणी प्रत आहे. एक बाबांच्या मोबाईलमध्ये, नेटशिवाय उघडेल अशी. एक पेनड्राईव्हवर. आणि ते एक छापील पान आबाजींच्या बंडीच्या खिशात. ईसीजीची त्याच दिवशी झेरॉक्स काढायची, हेही ठरलेलं आहे.

आता थोडं आपल्या होस्टेलबद्दल. रात्री कोणी आजारी पडलं तर त्याला कोण नेतं? रूमपार्टनर आणि रेक्टर सर. तुमच्या रूमपार्टनरला कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे, तुम्हाला माहीत आहे? त्याला दमा आहे का, फिट येते का, रोज कोणती गोळी घेतो? मी माझ्या विंगमध्ये विचारलं तर बहुतेकांना एकमेकांचा रक्तगटसुद्धा सांगता आला नाही, मोबाईलचं मॉडेल मात्र सगळ्यांचं पाठ! बहुतेक स्मार्टफोनमध्ये लॉक न उघडता दिसणारी इमर्जन्सी माहिती भरायची सोय असते. रक्तगट, अ‍ॅलर्जी, घरचा नंबर. पाच मिनिटांचं काम आहे. त्यात काय लिहायचं आणि काय नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं.

रेक्टर सरांना आणि ऑफिसच्या मंडळींना नम्र सूचना. अ‍ॅडमिशनच्या वेळी मेडिकल फॉर्म भरून घेता, तो फाईलमध्ये बंद राहतो. त्यातला महत्त्वाचा भाग, विद्यार्थ्याची संमती घेऊन, एका सीलबंद पाकिटात रेक्टर ऑफिसला ठेवता आला तर? गरज पडली तर फोडायचं, वर्ष संपलं की ज्याचं त्याला परत.

दिवाळीच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा फराळ झाल्यावर ती पिशवी खाली काढा. दोन दुपारी जातील. फक्त ज्याची पिशवी आहे त्याला शेजारी बसवा, आणि प्रत्येक कागद उचलताना एकदा त्याच्याकडे पाहा.

(तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी)