मुदतीपूर्वीं घर सोडतांना

जांब समर्थ ह्या आमच्या जन्मगांवाचें नांव एका गृहत्यागाशीं जोडलेलें आहे. १६०८ सालीं येथें जन्मलेला नारायण विवाहमंडपांतील 'सावधान' हा शब्द ऐकून घराबाहेर पडला व पुढें समर्थ रामदास झाला, ही आख्यायिका मराठी घरांत कोणास ठाऊक नाहीं? परंतु नारायणास करारनाम्याचें बंधन नव्हतें, कीं अनामत रकमेची चिंता नव्हती. आम्हां संसारी भाडेकऱ्यांस आधीं अटी पाहाव्या लागतात, मग उंबरठा ओलांडावा लागतो.

पुण्यास अध्यापनानिमित्त आम्हीं एका सदनिकेंत बिऱ्हाड केलें होतें. करार बावीस महिन्यांचा. पैकीं पहिल्या बारा महिन्यांत घर सोडल्यास त्या वर्षाचें उरलेलें भाडें द्यावें, अशी त्यांत अट होती. सातवा महिना संपत आला असतां मातोश्रींना पक्षाघात झाल्याचें वर्तमान गांवाहून आलें. त्यांना गांव सोडवेना, आणि तशा स्थितींत त्यांना सोडून आम्हांस राहवेना. बिनपगारी रजा घेऊन गांवीं जाण्याचें ठरलें. घरमालकांस कळवितांच ते शांतपणें म्हणाले, "पांच महिन्यांचें भाडें ठेवा आणि सुखानें जा." एकीकडे औषधपाणी, दुसरीकडे रिकाम्या खोल्यांचें भाडें, आणि पगार बंद!

कोणी म्हणेल, करार तो करार. सही केली, आतां कुरकुर कशाची? आक्षेप पोकळ नाहीं. घरमालक नेहमींच धनिक असतो असें नव्हे. पुष्कळदां त्याच्या कर्जाचा हप्ता त्या भाड्यावरच अवलंबून असतो. परंतु १८७२ च्या भारतीय करार कायद्यानें ह्या प्रश्नास माप घालून दिलें आहे. कलम ७४ प्रमाणें करारभंगासाठीं लिहिलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा होय. मिळावयाची ती वाजवी भरपाई. आणि कलम ७३ च्या स्पष्टीकरणाप्रमाणें नुकसान मोजतांना तें टाळण्याचीं कोणतीं साधनें हातीं होतीं, हेंही पाहावें लागतें. घर रिकामें राहिलें तर तें नुकसान. एकाच महिन्याचें भाडें दोघांकडून घेतलें तर तो नफा. जाणाऱ्यानें नुकसान भरून द्यावें. नफा पुरविण्याचें ऋण त्याच्या माथीं नाहीं.

हेंच घरमालकांस सांगून आम्हीं एक महिन्याची लेखी सूचना दिली. आम्ही पुढें गेलों. कुटुंब महिनाभर मागें राहिलें व घर पाहावयास येणाऱ्यांस दार उघडीत राहिलें. अखेर बँकेंतील एका तरुणानें तें घर घेतलें. मध्यंतरीं तीन आठवडे घर रिकामें होतें. त्याबद्दल एका महिन्याचें भाडें आम्हीं अनामतींतून कापूं दिलें. विजेचें देयक चुकतें केलें, किल्ल्या दिल्या व ताबा परत केल्याची पावती घेतली. उरलेली रक्कम चार दिवसांत हातीं आली. घरमालकांचा स्वर कायद्यामुळें मऊ झाला कीं नव्या भाडेकरूमुळें, ह्याचा निर्णय आम्ही वाचकांवर सोपवितों.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ह्याच्या कलम ५५ नें करार लेखी करून त्याची नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. नोंदणी नसल्यास अटींविषयीं भाडेकरूचें म्हणणें, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलें जातें. तरी शहाणपण ह्यांत कीं, घरांत शिरण्याच्या दिवशींच बाहेर पडण्याची अट उभयतांनीं मोठ्यानें वाचावी. विवाहाप्रमाणें येथेंही 'सावधान' म्हणणारा कोणी असता तर किती बरें झालें असतें!

गांवीं आमच्या गल्लींत शाळामास्तरांची मधल्याच महिन्यांत बदली झाली, तर घरमालकीण त्यांच्या कुटुंबाची ओटी भरून निरोप देते, आणि हिशेब तेथेंच पुरा होतो. शहरांत तो कागदावर पुरा करावा लागतो, एवढेंच.

मातोश्री त्यानंतर आठ महिने होत्या. वाचा गेली होती. आम्ही जवळ बसलों कीं त्या डाव्या हातानें आमचें मनगट धरून ठेवीत. एका महिन्याचें भाडें गेल्याची खंत आम्हांस कधीं वाटली नाहीं.